कुणाला हवाय हा आवाज?

पहाटेच्या पाळीला आलं की अण्णा आधी रिकामा स्टुडिओ ऐकायचे. चहाच्याही आधी. कंट्रोल रूममध्ये उभ्या उभ्याच माइकचा फेडर वर सरकवायचा, हेडफोनची एकच वाटी उजव्या कानाला लावायची आणि डोळे मिटून अर्धा मिनिट थांबायचं. काचेपलीकडे अंधार असे. निवेदिका अजून रिक्षात असे. साल १९९४. डिप्लोमा होऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं आणि जिल्ह्याच्या गावातल्या त्या छोट्या आकाशवाणी केंद्रावर मी नुकतीच रुजू झाले होते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी न राहवून विचारलं, "अण्णा, आत तर कुणीच नाही. काय ऐकताय?"

"खोली," ते म्हणाले. "रोज वाजते तशीच वाजते का, ते बघतो."

मग हेडफोन माझ्या हातात दिला. आधी मला काहीच ऐकू आलं नाही. हळूहळू एसीची सळसळ कळायला लागली, आणि तिच्याही खाली, तळाशी बसलेली विजेची बारीक घरघर. पन्नास हर्ट्झ. अण्णांनी मला रॅकच्या मागे नेलं, टॉर्च पेटवला आणि एका जाड केबलवर बोट ठेवलं. तिथून बोट सरकवत सरकवत ते थेट तारा जोडायच्या टॅग ब्लॉकपर्यंत आले. कुणीतरी केबलची शिल्ड, म्हणजे तारांभोवतीची धातूची जाळी, दोन्ही टोकांना अर्थिंगला जोडली होती. त्यांनी एक टोक सोडलं. मी धावत जाऊन हेडफोन लावला. घरघर गेली होती.

आवाज म्हणजे तार, आणि तार म्हणजे बोट ठेवता येईल अशी वस्तू, हा माझा पहिला धडा. पुढची वीस वर्षं मी त्याच धड्यावर काढली. एका माइकला तारांची एक जोडी, एका टेपरेकॉर्डरला दोन, फोन स्टुडिओला जोडणाऱ्या हायब्रिडला येणारी एक आणि जाणारी एक. सगळ्या जोड्या पॅच पॅनेलवर येऊन उभ्या राहायच्या आणि आम्ही पॅच कॉर्ड खुपसून त्यांच्या गाठी मारायचो. एक आवाज तीन ठिकाणी हवा असेल तर मध्ये डिस्ट्रिब्युशन ॲम्प्लिफायर घालावा लागे. चौथा गिऱ्हाईक आला की चौथी तार ओढा. प्रत्येक केबलच्या टोकाला अण्णांच्या अक्षरातली चिठ्ठी, तिच्यावर पारदर्शक चिकटपट्टी. त्या चिठ्ठ्यांवर आमचं केंद्र चालायचं, असं म्हटलं तरी चालेल.

पुढे मी आकाशवाणी सोडली आणि पुण्यात एका खासगी एफएम केंद्रावर आले. २०१६ साली तिथे नवे स्टुडिओ उभे करायचं काम माझ्याकडे आलं. व्यवस्थापनाने आराखडा समोर ठेवला तेव्हा मी आधी केबलचं पान शोधलं. एरवी ते सगळ्यात जाड असतं, आणि इथे जवळजवळ कोरं होतं. प्रत्येक स्टुडिओतून रॅकरूमकडे शंभराच्या वर जोड्या ओढायची माझी सवय, आणि या कागदावर स्टुडिओतून निघत होत्या दोन नेटवर्क केबल. त्यातली दुसरी फक्त राखीव. ऑफिसातल्या कॉम्प्युटरला लावतात तसल्याच. त्या रात्री मला झोप लागली नाही, हे मी खरंच सांगते आहे. शंभर तारांमधली एक तुटली तर एक आवाज जातो. सगळे आवाज एकाच तारेत असतील आणि तीच तुटली तर?

आवाज असा कॉम्प्युटरच्या नेटवर्कवरून न्यायचं हे तंत्र तेव्हा काही नवं नव्हतं. रेडिओसाठी ते रुजवणाऱ्यांत अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या स्टीव्ह चर्च यांचं नाव मी फार आदराने घेते. हा माणूस इंजिनिअर होता आणि स्वतः रेडिओवर बोलणाराही होता. श्रोत्यांचे फोन हवेवर घेताना आवाज खराब येतो, याचा त्यांना मनस्ताप व्हायचा. म्हणून १९८५ साली टेलॉस नावाची कंपनी काढून त्यांनी आधी तो टेलिफोनचा प्रश्न डिजिटल पद्धतीने सोडवला. पुढे २००३मध्ये त्यांच्या कंपनीने लाइव्हवायर आणली. साध्या इथरनेटवरून, म्हणजे ऑफिसातल्यासारख्याच नेटवर्कवरून, आणि बाजारात मिळणाऱ्या स्विचमधून, म्हणजे नेटवर्कच्या केबल एकत्र जोडणाऱ्या यंत्रातून, स्टुडिओतला सगळा आवाज न्यायचा. २०१२ साली ते गेले. त्यांना मी कधी पाहिलं नाही. पण माइकसमोर बसलेल्या माणसाचा त्रास ज्याला स्वतःला ठाऊक आहे अशा कुणीतरी ही यंत्रणा रचली आहे, हे तिच्याशी काम करताना जाणवत राहतं.

आता जरा आत जाऊ, कारण खरी गंमत तिथे आहे.

माइकसमोर कुणी बोललं की त्या आवाजाचे सेकंदाला ४८,००० नमुने घेतले जातात. प्रत्येक नमुना २४ बिटांचा. मिलिसेकंदभरात ४८ नमुने जमतात, त्यांचं एक पॅकेट बांधलं जातं आणि ते वाटेला लागतं. डावा-उजवा मिळून स्टिरिओ आवाज असेल तर त्या पॅकेटात २८८ बाइट आवाज असतो. अशी सेकंदाला हजार पॅकेटं. पत्ते, शिक्के सगळं धरून एका स्टिरिओ आवाजाला नेटवर्कवर तीन मेगाबिटांच्या आसपास जागा लागते, आणि गिगाबिटच्या केबलमध्ये असे दोन-अडीचशे आवाज आरामात मावतात. म्हणजे ज्या तारेची मला रात्रभर भीती वाटत होती तिच्यात आमची आख्खी जुनी रॅकरूम मावून वर जागा उरत होती.

एखादं पॅकेट वाटेत हरवलं तर ते पुन्हा मागवत नाहीत. मोबाइलवर फाइल उतरवताना हरवलेला तुकडा परत मागता येतो, कारण तिथे थांबायची सोय आहे. हवेवर ती नाही. "नमस्कार"मधला "म" उशिरा पोचला तर त्याचा कुणाला काय उपयोग? म्हणून इथे एकच नियम आहे. वेळेत या, नाहीतर येऊ नका.

आकड्यांचं हे गणित मला लवकर पटलं. पत्ता नावाची गोष्ट मात्र समजायला वेळ लागला. माझ्या डोक्यात तार होती, आणि तारेला दोन टोकं असतात. एक इकडचं, एक तिकडचं. मी कागदावर सारखे बाण काढत होते, हा माइक या मिक्सरकडे, तो मिक्सर त्या ट्रान्समीटर-लिंककडे. आमच्या नेटवर्कचं काम बघायला एक तरुण मुलगा आला होता, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा. त्याने माझा कागद बघितला आणि म्हणाला, "मॅडम, तो माइक कुणाकडेच जात नाही."

"म्हणजे?"

"तो फक्त बोलतो. त्याला स्वतःचा एक नंबर आहे, त्या नंबरवर तो बोलत राहतो. ज्याला हवं त्याने तो नंबर लावायचा."

मी खुर्चीत मागे टेकले. अरे, हा तर रेडिओ झाला!

लाइव्हवायरमध्ये हे अगदी उघड दिसतं. प्रत्येक आवाजाला १ ते ३२,७६७ मधला एक चॅनल क्रमांक देतात. समजा, मुख्य स्टुडिओतला माइक १००१. यंत्रणा त्या क्रमांकाचा नेटवर्कवरचा पत्ता बनवते, २३९.१९२.३.२३३. हा पत्ता कुठल्याच यंत्राचा नाही. तो त्या आवाजाचा आहे. मिक्सर असो, रेकॉर्डिंगचा कॉम्प्युटर असो की शेजारच्या खोलीतला स्पीकर, ज्याला तो आवाज हवा त्याने १००१ लावायचं. ऐकणारे किती आहेत हे माइकला कळत नाही आणि ऐकणारे वाढले म्हणून त्याला जास्त कष्टही पडत नाहीत. सिंहगड रोडवर एक रेडिओ लावला काय आणि दहा हजार लावले काय, ट्रान्समीटरला जसा फरक पडत नाही, अगदी तसं. बाहेर शंभर वर्षं जे चाललं होतं तेच आता भिंतीच्या आत, दोन खोल्यांमध्ये चालायला लागलं होतं.

पण एक फरक आहे, आणि त्या फरकाने मला पुढे एका रात्री रडकुंडीला आणलं. ट्रान्समीटरच्या लहरी सगळीकडे पसरतात, कुणी ऐको न ऐको. नेटवर्कमध्ये दोनशे आवाज असे सगळीकडे पसरले तर सगळ्या वाटा तुंबतील. म्हणून मधला स्विच हुशारीने वागतो. ज्या खोलीने मागितला त्याच खोलीकडे तो आवाज सोडतो. मागणी नाही तर पुरवठा नाही.

हे ऐकलं तेव्हा मला माझी आई आठवली. "आपली आवड"ला ती पोस्टकार्डं टाकायची. कार्डाच्या वरच्या अर्ध्या भागात गाणं, खालच्या अर्ध्या भागात आमची सगळ्यांची नावं, शेजारच्या दोन बिऱ्हाडांची नावं, आणि अगदी शेवटी मावेल तेवढ्या बारीक अक्षरात गावाचं नाव. गाणं लागायचं तेव्हा लागायचं. पण नावं वाचली जायची त्या क्षणी आई हातातलं काम टाकून उभी राहायची. विविध भारतीवरच्या फर्माइशींमुळे झुमरीतलैया हे झारखंडातलं गाव देशभर माहीत झालं, ते अशाच पोस्टकार्डांच्या जोरावर. कुणीतरी मागितलं म्हणून आवाज येतो, हे आमच्या घराला नेटवर्कच्या फार आधीपासून ठाऊक होतं.

तर ती रात्र. नवे स्टुडिओ सुरू होऊन दीड वर्ष झालं होतं. मुख्य स्विच बदलायचा होता, त्याच्या जागी मोठा बसवायचा होता. आम्ही मंगळवारची मध्यरात्र निवडली. मी, तो नेटवर्कवाला मुलगा आणि एक मदतनीस. स्विच बदलेपर्यंत ट्रान्समीटरकडच्या राखीव प्लेअरवर गाणी लावून ठेवली होती. दोन वाजून एकतीस मिनिटं चाळीस सेकंदांनी नवा स्विच उठला आणि सगळे आवाज एका झटक्यात परत आले. मिक्सरचे दिवे हिरवे. तीन मिनिटं ऐकलं, काही म्हणजे काही चुकीचं नव्हतं. राखीव प्लेअर बंद केला, केंद्र पुन्हा स्टुडिओवर घेतलं. मदतनीसाने थर्मासमधला चहा ओतला.

दोन छत्तीसला गाणं थांबलं.

संपलं नाही, मध्येच थांबलं. ज्यांनी रेडिओत काम केलंय त्यांना ती शांतता सांगायला नको. पोटात गोळा येतो. वीस सेकंदांनी सायलेन्स डिटेक्टरने राखीव प्लेअर आपोआप चालू केला, म्हणून श्रोत्यांना फक्त तेवढीच पोकळी ऐकू गेली. पण आमच्यासमोर मिक्सरवरचे आवाज एकामागून एक मालवत होते. आधी गाण्यांचा कॉम्प्युटर, मग टेलिफोन, मग दुसऱ्या स्टुडिओचा माइक. केबल सगळ्या जागेवर, दिवे सगळे हिरवे. अण्णांचं बोट कुठे ठेवायचं, हेच मला कळेना.

मुलाने मिक्सरवर आवाज पुन्हा निवडले. सगळे परत आले! त्याला वाटलं सुटलो. मी सवयीने लॉग बुकात वेळ लिहिली, २:३९:१०. अण्णांनी लावलेली ही शिस्त, मिनिटावर कधी थांबायचं नाही, सेकंद लिहायचे. २:४३:३०ला पुन्हा शांतता. मग त्याने सगळी केबल काढून दुसऱ्या पोर्टांत घातली, कॉन्फिगरेशन पुन्हा चढवलं. २:४७:०५ला आवाज आले, २:५१:२५ला गेले. आता त्याच्या कपाळावर घाम दिसत होता. तो म्हणाला, "मॅडम, स्विचच खराब आहे. जुना परत लावू या."

मी वहीकडे बघत होते. सहा आकडे, तीन जोड्या. प्रत्येक जोडीतलं अंतर चार मिनिटं वीस सेकंद. तिन्ही वेळा, एका सेकंदाचाही फरक नाही.

"अरे, खराब वस्तू इतकी वक्तशीर नसते," मी म्हटलं. "हे कुणीतरी मोजून करतंय. २६० सेकंद म्हणजे काय असतं तुमच्यात?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग एकदम उठून लॅपटॉपकडे गेला.

झालं होतं असं. स्विच आवाज फक्त मागणाऱ्याकडे सोडतो, हे वर आलंच. पण एकदा मागितलेला आवाज किती वेळ सोडत राहायचा? मागणारं यंत्र मध्येच बंद पडलं असेल, कुणी त्याची केबल काढली असेल. म्हणून नेटवर्कमध्ये एकाने विचारत राहायचं काम घ्यावं लागतं. त्याला क्वेरियर म्हणतात. आयजीएमपी नावाच्या ठरलेल्या रिवाजाप्रमाणे तो दर १२५ सेकंदांनी सगळ्यांना हाक देतो, कुणाला कुठला आवाज अजून हवा आहे? ज्याला हवा तो दहा सेकंदांच्या आत "मला हवा" म्हणतो. एखादी हाक कुणाला ऐकू गेली नसेल, म्हणून दोन हाकांची सवलत असते. दोनदा १२५ आणि वर दहा, २६० सेकंद. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर स्विच समजतो की आता हे कुणालाच नको, आणि तो आवाज बंद करतो.

आमच्या जुन्या स्विचमध्ये हा विचारणारा चालू होता. नव्यात तो मुळातच बंद ठेवलेला होता, आणि कॉन्फिगरेशन उतरवून घेताना आमच्याकडून तेवढी एक ओळ सुटली. मिक्सर आवाज मागत होता, स्विच देतही होता. पण "अजून हवाय का?" असं कुणी विचारलंच नाही, म्हणून "हो, हवाय" असं कुणी म्हणालंच नाही. चार मिनिटं वीस सेकंद वाट बघून स्विचने दार लावलं.

तीन वाजून दहा मिनिटांनी ती ओळ घातली. मग आम्ही तिघं नुसते बसून राहिलो. तीन चौदा गेले, तीन पंधरा गेले. तीन वाजून चौदा मिनिटं वीस सेकंदांना आम्ही कुणीही श्वास घेतला नसेल. गाणं चालू राहिलं. थर्मासमधला गार चहा मी तसाच प्यायले.

त्यानंतर कितीतरी दिवस ती हाक माझ्या डोक्यातून जात नव्हती. आता दर दोन-सव्वादोन मिनिटांनी, रात्री स्टुडिओत कुणी नसतानाही, दिवाळीत, लॉकडाऊनच्या रिकाम्या महिन्यांतही, आमच्या रॅकरूममध्ये कुणीतरी विचारतं, कुणाला हवाय हा आवाज? आणि यंत्रं उत्तर देतात. तांब्याच्या तारेला हे कधी विचारावं लागलं नाही. तार एकदा जोडली की जोडलेलीच. या नव्या स्टुडिओत मात्र जोडलेलं असं काही नसतंच. सतत विचारणं आणि सतत हो म्हणणं, एवढ्यावरच सगळं उभं आहे.

आणि वेळेवर. वेळेबद्दल लिहायला बसले तर हा लेख संपणार नाही, तरी थोडं सांगतेच. हजारो पॅकेटं वेगवेगळ्या यंत्रांतून निघतात, आणि ती शेवटी एका ओळीत लागायची असतील तर प्रत्येक यंत्राच्या मनातला "आत्ता" एकच हवा. एकाचं घड्याळ किंचित पुढे धावलं तर थोड्या वेळाने नमुने कमी-जास्त व्हायला लागतात आणि आवाजात बारीक टकटक सुरू होते. म्हणून नेटवर्कमध्ये एक घड्याळ प्रमुख ठरतं आणि बाकीची त्याच्याशी जुळवून घेतात, मिलिसेकंदाच्याही हजाराव्या भागापर्यंत. याला पीटीपी म्हणतात. प्रमुख कोण, हे यंत्रं आपसांत ठरवतात आणि त्यात ज्याचा प्राधान्याचा आकडा लहान त्याचा मान मोठा. वाटेवरही घड्याळाच्या पॅकेटाला सगळ्यात पुढे सोडतात, मग आवाज, मग बाकीचे.

मुंबईने पन्नास वर्षं दोन वेळा चालवल्या. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली तरी मुंबई टाइम थेट १९५५ पर्यंत टिकून होता, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. माणसं "कुठला टाइम?" असं विचारून घेऊ शकतात. यंत्रांना ते जमत नाही. एकदा बाहेरच्या रेकॉर्डिंगवाल्यांनी आपलं एक यंत्र आमच्या नेटवर्कला लावलं, त्याचा प्राधान्याचा आकडा आमच्यापेक्षा लहान होता, आणि एका क्षणात ते परकं यंत्र आमच्या घरातलं मुख्य घड्याळ झालं. तेव्हापासून आमच्या घड्याळाचा आकडा मी स्वतः बसून खाली आणला आहे.

मी पहिल्यांदा त्या घड्याळाची वेळ स्क्रीनवर बघितली तेव्हा घाबरले होते. स्टुडिओच्या भिंतीवरच्या घड्याळापेक्षा ती ३७ सेकंद पुढे होती. चूक नव्हती. पीटीपी आंतरराष्ट्रीय आण्विक वेळ पाळतं, आणि पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवून घेण्यासाठी आपल्या रोजच्या वेळेत मधूनमधून घातलेले सेकंद त्यात नसतात. २०१७च्या जानेवारीपासून हे अंतर ३७ सेकंदांचं आहे. ज्या रेडिओच्या ठोक्यांवर आमच्या गावातले लोक बातम्यांच्या आधी घड्याळं लावायचे, त्या रेडिओच्या पोटात आता अशी दोन घड्याळं चालतात.

यंत्रांच्या वेळेपेक्षा माणसाच्या कानाची वेळ जास्त कठोर असते, हे आमच्या एका आरजेने मला शिकवलं. ती एक दिवस हेडफोन काढून म्हणाली, "ताई, माझा आवाज डब्यातून येतोय." मीटरवर सगळं ठीक. पण तिचं बरोबर होतं. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज हाडांतून कानाला लगेच पोचतो. हेडफोनमधून तोच आवाज काही मिलिसेकंद उशिरा आला की दोन्ही एकमेकांना खातात आणि पोकळ वाटायला लागतं. एक मिलिसेकंद म्हणजे हवेत साधारण ३४ सेंटिमीटर. तिचा आवाज तो सजवणाऱ्या प्रोसेसरमधून फिरून येताना बारा-तेरा मिलिसेकंद उशिरा येत होता, म्हणजे स्वतःपासून चार मीटरवर बसून ती स्वतःला ऐकत होती. आम्ही तिच्या हेडफोनला प्रोसेसरच्या आधीचा आवाज दिला. तिने एक वाक्य बोलून बघितलं आणि नुसती हसली.

एक तक्रारही मोकळेपणाने मांडते. नेटवर्कवरून आवाज नेणाऱ्या यंत्रणा एकाहून जास्त आहेत. सिडनीच्या ऑडिनेटचं डान्टे, म्युनिकमधून आलेलं रॅव्हेना, क्लीव्हलंडचं लाइव्हवायर, सगळे आपापल्या परीने उत्तम, पण एकमेकांची भाषा त्यांना येत नव्हती. २०१३ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीने एईएस६७ हे मानक आणलं आणि सगळ्यांना एका भाषेत बोलता येईल अशी सोय केली. मात्र कुणाकडे कुठला आवाज आहे हे एकमेकांना कसं कळवायचं, ते त्या मानकाने मुद्दाम मोकळं सोडलं. त्यामुळे दोन कंपन्यांची यंत्रं जोडताना मी कितीदा तरी एका यंत्रातून पत्त्याच्या दहा-बारा ओळी उतरवून दुसऱ्यात हाताने भरल्या आहेत. एक आकडा चुकला की शांतता. हे काम करताना अण्णांच्या चिकटपट्टीखालच्या चिठ्ठ्या आठवायच्या आणि मग मी आवाजांना नावं फार जपून द्यायला लागले. "टेस्ट २ नवीन" असं नाव कुणी दिलं तर मी अजूनही पुसायला लावते. बोट ठेवायला तार उरली नाही, तर निदान नाव तरी असावं.

मागच्या वर्षी अण्णा पुण्यात आले, नातीच्या लग्नाला. ऐंशी ओलांडलेले, डाव्या कानाला यंत्र. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाचा फोन आला, "ताई, बाबांना तुमचा स्टुडिओ बघायचाय."

रॅकरूममध्ये आल्या आल्या ते वळसा घालून रॅकच्या मागे गेले. मला हसू आलं आणि भरूनही आलं. मागे बघण्यासारखं काहीच नव्हतं, निळ्या आणि लाल केबलच्या दोन जुड्या. त्यांनी एका केबलवर बोट ठेवलं.

"ही कुणाची?"

"सगळ्यांची," मी म्हटलं.

त्यांनी बोट तसंच ठेवलं. मग मी त्यांना खुर्चीत बसवून सगळं सांगितलं, माइक कुणाकडेच जात नाही तिथपासून ते मंगळवारच्या रात्रीपर्यंत. २६० सेकंदांची गोष्ट त्यांनी दोनदा सांगायला लावली. "सेकंद लिहिले होतेस म्हणून," एवढंच म्हणाले. मी स्विचची यादी उघडून दाखवली. मुख्य स्टुडिओचा माइक त्या वेळी चार ठिकाणी ऐकला जात होता.

"मला लावून दे," ते म्हणाले. "हा नको. रिकामी खोली असेल ती."

दुसरा स्टुडिओ दुपारी मोकळाच असतो. मी त्यांच्यासमोरच्या पॅनेलवर तिथल्या माइकचा नंबर लावला. यादीत एक नवी ओळ उमटली, हे पॅनेल आता तो आवाज मागतंय म्हणून. अण्णांनी हेडफोनची एकच वाटी उजव्या कानाला लावली आणि डोळे मिटले. मी घड्याळाकडे बघितलं नाही, पण अर्ध्या मिनिटापेक्षा बराच जास्त वेळ गेला.

"घरघर नाही," ते म्हणाले.

"तारेतून आता आकडे जातात ना अण्णा. आवाज फक्त माइकपासून टेबलाखालच्या डबीपर्यंत."

त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. अजून ऐकत होते.

"एसीच्या पंख्याचं बेअरिंग जातंय," ते म्हणाले. "उजव्या हाताच्या डक्टमध्ये. बघून घे."

मी लॉग बुक ओढलं आणि वेळ लिहिली. दुपारचे तीन वाजून बावीस मिनिटं, अठरा सेकंद.